'आम्ही' ते 'आपण' : हॅना आरेंट यांची अमेरिका

गेल्या सत्रात एम.ए.च्या वर्गात प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवीत असताना पंडिता रमाबाईंच्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) या ग्रंथावर चर्चा चालली होती. रमाबाई १८८६ साली अमेरिकेत गेल्या, अडीच वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या, आणि परतल्यावर तेथील राज्यव्यवस्था, गृहस्थिती, स्त्रियांची स्थिती यांचे वर्णन त्यांनी आपल्या लोकांसाठी मराठीत लिहिले. त्यांच्याही अर्धशतक आधी, १८३१-३२ मध्ये, तोकव्हील हा फ्रेंच गृहस्थ नऊ महिने अमेरिकेत हिंडला आणि परत जाऊन त्याने अमेरिकी लोकशाहीवर दोन खंड लिहिले. दोघेही परतणारे प्रवासी होते. पाहायचे तिकडचे आणि सांगायचे इकडच्यांना, अशी त्यांच्या लेखनाची रीत.

चर्चा संपताना एका विद्यार्थिनीने विचारले, "जो परततच नाही, त्याने काय लिहायचे?" तिचा थोरला भाऊ अमेरिकेत स्थायिक झाला आहे, तिकडचा नागरिकही झाला आहे. तो मतदान करतो, पण राजकारणाचा विषय निघाला की म्हणतो, "ते त्यांचे त्यांना. आपण कशाला बोला? खाल्ल्या मिठाला जागावे." असे म्हणणारे भाऊ, भाचे, पुतणे आज महाराष्ट्रात घरोघरी आहेत. तेव्हा प्रश्न एकट्या तिचा नव्हता. ज्या देशाने आश्रय दिला, त्याच्या राजकारणावर बोलण्याचा अधिकार परक्या भूमीतून आलेल्या माणसाला असतो काय? आणि तो बोलला, तर त्याला स्थानिकांपेक्षा अधिक दिसते की कमी?

वर्गात आम्हांला नीटसे उत्तर देता आले नाही. नंतर आम्हां दोघा सहकाऱ्यांत या विषयावर बरेच बोलणे झाले आणि दोघांच्याही मनात एकच नाव आले, ते हॅना आरेंट यांचे. त्या बोलण्याचा हा गोषवारा.

प्रथम एक व्याकरणाची गोष्ट. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा वगळला जातो. 'आपण' म्हटले की तोही त्यात येतो. 'आम्ही जेवायला निघालो' आणि 'आपण जेवायला निघू' यांतला फरक दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला लगेच कळतो. इंग्रजीत आणि आरेंट यांच्या मातृभाषेत, म्हणजे जर्मनमध्ये, हा भेद नाही. तेथे एकाच सर्वनामावर काम भागते. त्यामुळे आरेंट जेव्हा इंग्रजीत 'वी' लिहितात, तेव्हा ते 'आम्ही' की 'आपण', हे मराठी वाचकाला संदर्भावरून ठरवावे लागते. तसे ते ठरवीत गेलो, तर त्यांच्या चौतीस वर्षांच्या अमेरिकी आयुष्याचा आलेखच हाती लागतो, असे आम्हांला वाटते.

आरेंट यांचा जन्म १९०६ मध्ये हॅनोव्हरजवळचा. बालपण पूर्व प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे, एका सुशिक्षित ज्यू कुटुंबात गेले. मारबुर्ग व हायडेलबर्ग येथे तत्त्वज्ञानाचे शिक्षण झाले. हायडेगर आणि यास्पर्स हे त्यांचे गुरू. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले, आरेंट यांना बर्लिनमध्ये आठ दिवस अटकेत ठेवण्यात आले, आणि सुटताच त्यांनी देश सोडला. पुढची वर्षे पॅरिसमध्ये गेली. १९४० मध्ये फ्रेंच सरकारने जर्मनीत जन्मलेल्या परक्यांना शत्रुराष्ट्रीय ठरवून छावण्यांत टाकले. हिटलरपासून पळालेली ही बाई अशा रीतीने हिटलरच्या शत्रूंच्या हातून गुर्सच्या छावणीत गेली. फ्रान्सच्या पाडावानंतर माजलेल्या गोंधळात तेथून निसटून, पती हाइनरिश ब्ल्यूखर यांच्यासह लिस्बनमार्गे मे १९४१ मध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या. वय चौतीस, नागरिकत्व कोणत्याच देशाचे नाही, आणि इंग्रजी अगदीच कामचलाऊ.

दीड वर्षाने, जानेवारी १९४३ मध्ये, 'मेनोरा जर्नल' या नियतकालिकात त्यांचा 'वी रेफ्यूजीज' हा छोटा निबंध आला. शीर्षकातले हे 'वी' निःसंशय 'आम्ही' आहे. बोलणारे निर्वासित आणि ऐकणारे यजमान. निबंधाचा सूर मात्र गाऱ्हाण्याचा नाही, उपरोधाचा आहे. निर्वासितांना 'निर्वासित' म्हटलेले आवडत नाही, ते स्वतःला नवागत म्हणवून घेतात. जुना देश चटकन विसरल्याचे दाखवतात. नव्या देशाची स्तुती करताना थकत नाहीत. आणि या हसऱ्या चेहऱ्यांमधलाच कोणी एके दिवशी घरी जाऊन आत्महत्या करतो. निबंधात कोन नावाचे एक प्रातिनिधिक पात्र येते. हे गृहस्थ जर्मनीत असताना अस्सल जर्मनाहून अधिक जर्मन, व्हिएन्नात गेल्यावर ऑस्ट्रियनाहून अधिक ऑस्ट्रियन, आणि फ्रान्समध्ये फ्रेंचाहून अधिक फ्रेंच होतात. आरेंट यांचे म्हणणे असे, की ही अतिनिष्ठा कोणाचाही विश्वास संपादन करीत नाही. जो स्वतःच्या बाहेरपणाची जाणीव ठेवून उघडपणे वावरतो, त्याच्याच वाट्याला थोडेफार सत्य येते.

आमच्या विद्यार्थिनीच्या भावाचे मौन आणि कोनमहाशयांची अतिनिष्ठा या वरवर अगदी भिन्न गोष्टी आहेत. परंतु दोन्हींच्या तळाशी एकच समजूत आहे. या घरात आपण पाहुणे आहोत आणि पाहुण्याने यजमानाच्या स्वयंपाकाला नावे ठेवायची नसतात. आरेंट यांनी ही समजूत कधीच मान्य केली नाही. का केली नाही, ते त्यांच्या १९४६ च्या एका पत्रात दिसते.

जानेवारी १९४६ मध्ये यास्पर्स यांना लिहिलेल्या या पत्रात त्यांनी अमेरिकेचे पहिले विस्तृत चित्र रेखाटले आहे. इंग्रजी शिकण्यासाठी त्या काही काळ न्यू इंग्लंडमधील एका सामान्य मध्यमवर्गीय कुटुंबात राहिल्या होत्या. युद्धकाळात जपानी वंशाच्या अमेरिकनांना सरकारने छावण्यांत डांबले, तेव्हा आयुष्यात बहुधा एकही जपानी माणूस न पाहिलेल्या या कुटुंबाने आपल्या प्रतिनिधीला निषेधाचे पत्र लिहिले, कारण आज त्यांच्यावर आले ते उद्या कोणावरही येईल. सार्वजनिक जीवनाची अशी जबाबदारी सामान्य माणसाने स्वतःवर घेतलेली आरेंट यांनी युरोपात पाहिली नव्हती. त्याच पत्रात त्यांनी दुसरीही बाजू नोंदवली : या देशात राजकीय स्वातंत्र्य आणि सामाजिक दडपण एकत्र नांदतात. कायद्याने माणूस मोकळा आहे, पण शेजारीपाजारी, क्लब, जात्यभिमान यांच्या बंधनात तो जखडलेला आहे.

हे निरीक्षण अचूक आहे. पण निषेधाचे वादळ देशभर उठले होते, हे त्यांचे म्हणणे मात्र खरे नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशानंतर सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत जावे लागले, आणि त्यांतले सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. लोकमत बव्हंशी सरकारच्याच बाजूने होते. सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये कोरेमात्सू खटल्यात सरकारचीच बाजू उचलून धरली. देशाने माफी मागितली ती १९८८ मध्ये, आणि तो जुना निवाडा चूक होता असे न्यायालयाने म्हटले ते २०१८ मध्ये. आरेंट ज्या घरात राहिल्या, ते घर अपवादात्मक होते. एका घरावरून देश पाहण्याची ही चूक प्रत्येक नवागताकडून होते. तरीही त्या पत्रलेखक कुटुंबाने त्यांना जे दाखवले ते खोटे नव्हते. देशाच्या घटनेने दिलेले वचन आणि देशाचे प्रत्यक्ष वर्तन यांत अंतर असते, आणि ते अंतर बोलून दाखवणे हे नागरिकाचे काम असते, हा धडा त्यांना तेथे मिळाला.

१९५१ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दोन कारणांनी महत्त्वाचे. त्या वर्षी 'द ओरिजिन्स ऑफ टोटॅलिटेरिअनिझम' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि डिसेंबरमध्ये त्या अमेरिकेच्या नागरिक झाल्या. म्हणजे १९३३ पासून अठरा वर्षे परागंदा आणि देशहीन अवस्थेत काढल्यावर त्यांना देश मिळाला. देशहीन माणसाचे सगळ्यात मोठे नुकसान कोणते, याचे त्या ग्रंथातले उत्तर विलक्षण आहे. त्याचे घर जाते, मालमत्ता जाते, हे तर खरेच. पण त्याहून मोठी हानी ही, की त्याच्या मताला आणि कृतीला जेथे काही अर्थ असतो, ती जागाच जाते. हक्क मिळण्यासाठी आधी हक्क असण्याचा हक्क लागतो, असे त्या म्हणतात. नागरिकत्वाचा हा अर्थ मनात धरला, की मिठाचा प्रश्न उलटा होतो. ज्या देशाने बोलण्याची जागा दिली, तेथे गप्प राहणे म्हणजे त्या मिठाची चवच न घेणे.

आणि त्या गप्प राहिल्या नाहीत. काळ मात्र गप्प राहण्याचा होता. फेब्रुवारी १९५० मध्ये सेनेटर मॅकार्थी यांनी सरकारी खात्यांत कम्युनिस्ट घुसल्याचा आरोप केला आणि चौकशांचे सत्र सुरू झाले. १९५२ च्या स्थलांतरविषयक कायद्याने परदेशातून आलेल्या नागरिकांवरची टांगती तलवार अधिक धारदार केली. ब्ल्यूखर हे पूर्वी जर्मन कम्युनिस्ट पक्षात होते आणि अमेरिकेत प्रवेश करताना त्यांनी ते सांगितले नव्हते. त्यांना नागरिकत्व मिळाले ते १९५२ च्या उन्हाळ्यात. अशा घरातल्या बाईने मार्च १९५३ मध्ये 'कॉमनवील' या नियतकालिकात पूर्वाश्रमीच्या कम्युनिस्टांवर लेख लिहिला. जे कम्युनिस्ट पक्ष सोडून सामान्य आयुष्यात परतले त्यांच्याविषयी त्यांची तक्रार नव्हती. आपला कम्युनिस्ट भूतकाळ हेच भांडवल करून जुन्या सहकाऱ्यांची नावे सांगत सुटलेले जे होते, त्यांच्याविषयी होती. ही माणसे लोकशाहीच्या नावाने लढतात, पण पद्धती जुन्याच वापरतात. मित्राने मित्राची चहाडी करणे हे कर्तव्य ठरले, की समाजात पोलिसी राज्याचे बी पडते, असे त्यांचे निदान होते. देशाला 'अधिक अस्सल' बनवण्याच्या मोहिमेत देशच मोडतो, हा त्यांचा इशारा होता. तो इशारा देण्याचे बळ त्यांना जर्मनीने दिले होते. १९५४ च्या डिसेंबरात सेनेटने मॅकार्थींवर ठपका ठेवला, तेव्हा बहुतेकांना जे पटले होते, ते या नव्या नागरिकाने सुमारे पावणेदोन वर्षे आधी लिहून ठेवले होते.

येथवरची कथा आरेंट यांच्या गौरवाची झाली. परंतु एवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सॉ राज्यातील लिटल रॉक गावी नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या शाळेत जाऊ लागले, तेव्हा राज्यपालाने त्यांना अडवले. अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावे लागले. शाळेच्या वाटेवर एकटी चाललेली, मागून ओरडणाऱ्या जमावाकडे न पाहणारी पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड छायाचित्रांतून जगाने पाहिली. त्याच दिवशी उत्तर कॅरोलिनातील शार्लट येथे डोरोथी काउंट्स या मुलीच्या वाट्याला असाच जमाव आला, आणि आरेंट यांनी वर्णन केलेले छायाचित्र तिचेच असावे, असे अभ्यासक मानतात. 'रिफ्लेक्शन्स ऑन लिटल रॉक' हा त्यांचा लेख १९५९ मध्ये 'डिसेंट' या नियतकालिकात, संपादकांनी असहमती नोंदवून, प्रसिद्ध झाला.

लेखातील भूमिका थोडक्यात अशी : राज्याने कायद्याने लादलेला वर्णभेद गेलाच पाहिजे, आंतरवर्णीय विवाहावरील बंदी तर सर्वांत आधी गेली पाहिजे. परंतु कोणी कोणाच्या संगतीत शिकावे हा सामाजिक प्रश्न आहे, तेथे सरकारने सक्ती करू नये. आणि मोठ्यांना पिढ्यान्‌पिढ्या जे सोडवता आले नाही, ते ओझे शाळकरी पोरांच्या पाठीवर का टाकता? मी कृष्णवर्णीय आई असते, तर नको असलेल्या ठिकाणी माझ्या लेकराला पाठवले नसते, असे त्यांनी सुचवले.

विवाहबंदीविषयीचे त्यांचे मत द्रष्टेपणाचे होते. ती बंदी न्यायालयाने १९६७ मध्ये रद्द केली. बाकी लेखाने मात्र खळबळ उडाली, आणि ती योग्यच होती. हे त्यांना का दिसले नाही? त्याचे उत्तर, आमच्या मते, त्यांच्या बालपणात आहे. १९६४ मध्ये जर्मन दूरचित्रवाणीवर दिलेल्या मुलाखतीत त्यांनी आईचा एक दंडक सांगितला. वर्गात शिक्षक ज्यूंविषयी वावगे बोलले, तर तडक उठून घरी यायचे. मग आई शाळेला रजिस्टर पत्र पाठवी आणि मुलीच्या लेखी तो विषय संपे. मोठ्यांशी मोठे भांडतील, मुलाच्या मानाला धक्का लागता कामा नये, हा क्योनिग्सबर्गच्या घराचा कायदा होता. आरेंट यांनी तो जसाच्या तसा लिटल रॉकला लावला. पण एलिझाबेथच्या आईने कोणाला रजिस्टर पत्र पाठवायचे होते? ज्याला पाठवायचे, तो राज्यपालच शाळेच्या दारात शिपाई उभे करून बसला होता.

'इन्व्हिजिबल मॅन'चे लेखक राल्फ एलिसन यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत नेमके यावर बोट ठेवले. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय आईबापांना आपण लेकरांना कशात लोटतो आहोत हे पुरते ठाऊक होते. त्या मुलांना पुढे आयुष्यभर ज्या दहशतीतून जायचे होते, तिला सामोरे जाण्याची ती दीक्षाच होती, आणि आईबापांच्या त्यागाचा तो आदर्श आरेंट यांना उमगलेलाच नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ते वाचून आरेंट यांनी जुलै १९६५ मध्ये एलिसन यांना पत्र लिहिले आणि कबूल केले, की त्यागाचा हा आदर्शच मला कळला नव्हता. जाहीर दुरुस्ती मात्र त्यांनी केली नाही. या मुद्द्यावर आम्हां दोघांत अजूनही मतभेद आहे. आमच्यापैकी एकाला ते खाजगी पत्र पुरेसे वाटते. दुसऱ्याचे म्हणणे असे, की चूक चव्हाट्यावर केली असेल, तर कबुलीही चव्हाट्यावरच हवी.

पण एका गोष्टीवर आमचे एकमत आहे. लिटल रॉकवर लिहिताना आरेंट यांनी 'आपण' म्हणण्याची घाई केली. मॅकार्थीच्या वेळी त्यांना जे दिसले, ते त्यांच्या जुन्या जखमेमुळे दिसले. लिटल रॉकला जे दिसले नाही, तेही त्याच जखमेमुळे. नवागताला देश उघडा दिसतो, पण त्या देशातल्या इतर दुखावलेल्यांचे 'आम्ही' त्याने ऐकलेले नसते. ते ऐकल्याविना त्याचे 'आपण' अपुरे राहते.

यानंतरच्या दशकात व्हिएतनामचे युद्ध चिघळत गेले. जून १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने संरक्षण खात्याची गुप्त कागदपत्रे, पेंटागॉन पेपर्स, छापायला सुरुवात केली, आणि नोव्हेंबरमध्ये आरेंट यांचा 'लाइंग इन पॉलिटिक्स' हा निबंध आला. सरकार खोटे बोलले, याचे त्यांना विशेष आश्चर्य नव्हते. त्यांना वेगळेच भयंकर वाटले. हे खोटे शत्रूसाठी रचलेले नव्हतेच, ते घरच्या लोकांसाठी होते; ते रचणारी हुशार माणसे शेवटी स्वतःच त्यावर विश्वासू लागली, आणि बलाढ्य देशाची प्रतिमा राखण्यासाठी वस्तुस्थितीकडे पाठ फिरवून बसली.

मे १९७५ मध्ये, सायगाव पडून जेमतेम तीन आठवडे झाले असताना, स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त बॉस्टन येथे त्यांचे भाषण झाले. 'होम टु रूस्ट' हे त्याचे शीर्षक. आपल्याकडे 'पेरले ते उगवते' म्हणतात, त्याच्या जवळचा हा इंग्रजी वाक्प्रचार. व्हिएतनाममधील पराभव, वॉटरगेट, निक्सन यांचा ऑगस्ट १९७४ मधील राजीनामा, हे सारे त्यांनी एका सूत्रात मांडले आणि श्रोत्यांना विनविले, की कटू वस्तुस्थिती दाराशी आली आहे, तर तिला आत घेऊ या. स्वप्नरंजनात पळू नये. येथे 'वी' आहे, आणि त्याचे भाषांतर 'आम्ही' असे करताच येत नाही. त्याला 'आपण'च हवे. बोलणारीही पराभूत, ऐकणारेही पराभूत, नामुष्की सर्वांची. त्याच वर्षी, ४ डिसेंबरला, न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

'आपण' म्हणण्यासाठी त्यांनी कोनमहाशयांप्रमाणे कातडी बदलली नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे. त्यांच्या इंग्रजी उच्चारांवर जर्मन छाप शेवटपर्यंत राहिली, आणि मातृभाषा हीच आपल्या हाती उरलेली गोष्ट, असे त्या म्हणत. एप्रिल १९७५ मध्ये कोपनहेगन येथे सॉनिंग पुरस्कार स्वीकारताना त्यांनी अमेरिकेचे ऋण मानले ते याचसाठी, की त्या देशाने आपले वेगळेपण टाकून देण्याची किंमत न मागता नागरिकत्व दिले. ऋण आणि परखडपणा यांत त्यांना विसंगती वाटली नाही.

आता पुन्हा त्या विद्यार्थिनीच्या भावाकडे. त्याने काय बोलावे, हे आम्ही सांगणार नाही. परक्या देशात पोटापाण्याला गेलेल्या माणसाची भीती येथे बसून मोजणे सोपे नाही. फक्त त्याचे वाक्य आम्ही पुन्हा वाचून पाहिले. "आपण कशाला बोला?" या 'आपण'मध्ये तो आहे, इकडची बहीण आहे, आम्ही सारे आहोत, ज्यांच्या शेजारी तो रोज राहतो आणि ज्यांच्या रांगेत उभा राहून मत देतो, ते मात्र त्यात नाहीत. आरेंट यांना ते 'आपण' बदलायला चौतीस वर्षे लागली आणि वाटेत एक मोठी चूकही झाली. पुढच्या सत्रात रमाबाईंच्या जोडीने 'वी रेफ्यूजीज' वर्गात वाचावा, असे आम्ही ठरवले आहे. त्याचा मराठी अनुवाद करताना शीर्षकात 'आम्ही' लिहायचे की 'आपण', एवढाच प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवू.